मास्तरनं अडवलेला रिपोर्ट

“पेनड्राइव्ह कुठे आहे?” मी फोनवर विचारलं.

“माह्या हातात हाय, ताई.”

“हातातच राहू द्या. कुठेही लावू नका.”

“पन डॉक्टर साहेब मामाले लाव म्हनून राहिले.”

“मामाला तर मुळीच नाही. मी निघालेच.”

फोनवर छाया होती. गोरेगावच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये ती कॉम्प्युटर ऑपरेटर आहे. मी गोंदियात राहते आणि आजूबाजूच्या तालुक्यांतल्या दुकानांची, राइस मिलची, दवाखान्यांची कॉम्प्युटरची कामं बघते. बंद पडलेलं चालू करायचं, चालू असलेलं बंद पडू द्यायचं नाही, असं माझं काम. त्यातलं पहिलं लोकांना दिसतं. दुसरं दिसत नाही, म्हणून ते कुणाला पटत नाही.

आता मामा कोण, ते सांगते.

लॅबमध्ये दोन कॉम्प्युटर आहेत. एक बाहेर छायाच्या टेबलावर. त्यावर इंटरनेट, मेल आणि मी बसवलेला अँटिव्हायरस. दुसरा आत, रक्ताच्या पेशी मोजणाऱ्या मशीनला जोडलेला. मशीन मोजतं आणि आकडे त्या कॉम्प्युटरमध्ये साठतात. त्याला अँटिव्हायरस नाही. मशीन बसवायला आलेला कंपनीचा इंजिनीअर जाताना सांगून गेला होता, “याच्यात काही टाकू नका, मशीन अटकते.” ते वाक्य लॅबमध्ये कायदा होऊन बसलं. मी दोनदा विषय काढला. डॉक्टरांचं दोन्ही वेळा एकच उत्तर, “चालत्या गाडीचं बॉनेट उघडायचं नाही.”

बाहेरचा कॉम्प्युटर सतत काही ना काही अडवायचा. ही फाइल उघडू नका, हा पेनड्राइव्ह तपासा, ही साइट बरी नाही. म्हणून त्याचं नाव पडलं मास्तर. आतला काहीच अडवत नसे. मामाच्या गावाला गेल्यावर भाच्याला कोण अडवणार? म्हणून तो मामा. आणि लॅबची रीत अशी, की मास्तरनं अडवलं की फाइल पेनड्राइव्हमध्ये घ्यायची आणि मामाकडे न्यायची. कुणाच्या लग्नाची पत्रिका, कुणाच्या पोराचा बायोडाटा, कुणी पाठवलेला सिनेमा. मामानं कधी नाही म्हटलं नाही. मला ही रीत ठाऊक नव्हती. त्या दिवशी फोनवर छायाच्या तोंडून पहिल्यांदा ऐकली आणि गाडीची किल्ली शोधायला लागले.

मास्तरनं सकाळी एक मेलमधली फाइल अडवली होती. मेल नागपूरच्या एका मोठ्या लॅबचा होता. गोरेगावात होत नाहीत त्या तपासण्यांसाठी डॉक्टर तिकडे रक्त पाठवतात. विषय होता ‘सुधारित रिपोर्ट’. सोबत एक झिप फाइल, म्हणजे फायली घालून बांधलेलं गाठोडं, आणि खाली लिहिलेला पासवर्ड. छायानं मास्तरवर पासवर्ड टाकून गाठोडं सोडलं. आतल्या फाइलवर क्लिक करताच अँटिव्हायरसनं ती उचलली आणि लाल चौकट दाखवली. छायानं तेच गाठोडं, बांधलेलं होतं तसं, पेनड्राइव्हमध्ये घेतलं. तिचं नशीब, आणि लॅबचंही, की मामाकडे जाण्याआधी तिला वाटलं, एकदा ताईला विचारू.

गोंदियाहून गोरेगावचा रस्ता मला पाठ आहे. कापणी आटोपली होती. बांध्यांमध्ये, म्हणजे शेतांच्या चौकटींत, कापलेल्या धानाचे पुंजणे रचलेले होते. एरवी मी ते बघत जाते. त्या दिवशी माझ्या डोळ्यांसमोर मामा होता. त्याच्यात लॅबच्या सगळ्या पेशंटचे जुने आकडे आहेत. सिकलसेल, म्हणजे आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार, हा आमच्या भागात घराघरात ऐकलेला शब्द आहे. असे पेशंट वरचेवर रक्त तपासायला येतात आणि डॉक्टर मागच्या आकड्यांशी ताडून बघतात. या मेलसारखे जे व्हायरस फिरतात, त्यांतले काही फायली पळवत नाहीत. जागच्या जागी कुलूप घालतात आणि किल्लीसाठी पैसे मागतात. पैसे देऊनही किल्ली मिळेलच असं नाही. तुम्ही म्हणाल, कॉपी ठेवलेली असेल ना? होती. वेगळ्या हार्ड डिस्कवर. आणि ती हार्ड डिस्क चोवीस तास मामालाच जोडलेली. घराला कुलूप घालून किल्ली त्याच कुलपाला लटकवावी, तसलं ते शहाणपण.

बाजाराचा दिवस होता. लॅबसमोर मोटारसायकली आडव्यातिडव्या उभ्या होत्या. आत बाकावर जागा नव्हती. दाराजवळच्या बाकावर एक जोडपं बसलं होतं. तो पंचविशीचा, अंगावर इस्त्रीचा शर्ट. तिच्या पायाशी कपड्यांची भरलेली बॅग होती आणि तिनं एक हात बॅगेच्या पट्ट्यावर ठेवला होता. गाडी सुटेल या धास्तीनं बसलेल्या माणसासारखा.

“उज्ज्वला, पहले वो तुम्हारा अँटिव्हायरस हटाओ,” डॉक्टर रहांगडालेंनी दारातच सुनावलं. डॉक्टर चिडले की हिंदीत जातात. “पेशंट सुबह से बैठा है. रिपोर्ट आलेला आहे आणि तुझं ते डबडं उघडू देत नाही. हिला साधा मेल उघडता येत नाही.”

‘हिला’ म्हणजे छाया. ती खाली मान घालून उभी होती. पेनड्राइव्ह अजून मुठीत.

“सर, हिनं मेल उघडला नसता तर तुम्ही ओरडला असता. उघडला तरी ओरडताय. हिनं मला फोन केला, ती आज या लॅबमधली एकमेव बरोबर गोष्ट झाली आहे.”

डॉक्टर तसा चांगला माणूस आहे. सिकलसेलच्या कितीतरी पेशंटची तपासणी नुसती ‘पैशाचं नंतर बघू’ म्हणून करतो. पण वय मोठं, आवाज मोठा आणि कॉम्प्युटर त्यांना नोकर वाटतो. नोकरानं अडवायचं म्हणजे काय?

आतून सुखदेवनं डोकं बाहेर काढलं. हा लॅब टेक्निशियन. “मी तं साहेबाले म्हटलं, मशीन चालू हाय, मधात हात लावाल तं पुरे सॅम्पल वाया जातीन.”

“खरंच जातात?” मी हळूच विचारलं.

“एखादं जाते,” तो डोळा मिचकावत म्हणाला. “पन ताई येऊन राहिली म्हने छाया. मंग टाइम तं काढा लागते ना.”

मी मास्तरसमोर बसले. डॉक्टर माझ्या खुर्चीमागे उभे राहिले. बाकावरचं जोडपंही उठून काउंटरशी आलं.

“ताई, आमचाच रिपोर्ट हाय का तो?” त्या माणसानं विचारलं. त्याचं नाव देवानंद. बायकोचं प्रमिला. सडक अर्जुनीकडच्या एका गावचे.

काय अडलं होतं, ते छायानं मला दोन वाक्यांत सांगितलं. प्रमिलाला दिवस गेले होते. तपासणीत ती सिकलसेलची वाहक निघाली. वाहक म्हणजे तिला स्वतःला आजार नाही, पण आजाराचा अर्धा वाटा तिच्या रक्तात आहे. नवऱ्याच्या रक्तातही तसाच अर्धा वाटा असेल तर बाळाला पूर्ण आजार होऊ शकतो. नसेल तर होत नाही. देवानंदची गावातली झटपट तपासणी धड काही सांगेना. म्हणून त्याचं रक्त नागपूरला गेलं होतं. आणि घरी त्याच्या आईनं प्रमिलाला सांगितलं होतं, कागद येईपर्यंत तू माहेरी राहा. ती माहेराहूनच आली होती. बॅग घेऊन.

माझं डोकं तिथेच तापलं. दोघांच्या रक्ताचा प्रश्न, आणि उंबरठ्याबाहेर एकटी ती. कागद कसाही आला तरी तिचा गुन्हा काय होता? पण मी कॉम्प्युटरवाली. मला जे करता येत होतं ते आधी करायला हवं होतं.

“बघा सर,” मी म्हटलं. “अँटिव्हायरसनं फाइल नष्ट केलेली नाही. वेगळ्या कोठडीत ठेवली आहे. तिथून ती काही करू शकत नाही. चुकून चांगली फाइल पकडली गेली तर सोडताही येते.”

“मग सोड. चुकूनच पकडली आहे. मागच्या वर्षी माझ्या मुलीचा ॲडमिशनचा फॉर्म पकडला होता यानं.”

“पकडला होता. चूक होते त्याची. म्हणून आधी बघायचं, मग सोडायचं.”

कोठडीतल्या फाइलचं पूर्ण नाव मी मोठं करून दाखवलं. सुरुवातीला देवानंदचं आडनाव, मग रिपोर्ट, मग पीडीएफ. आणि त्याच्याही पुढे, शेवटी, आणखी दोन अक्षरं. नावाची शेपटी.

“ही शेपटी काय सांगते? की हा कागद नाही, प्रोग्रॅम आहे. पीडीएफ हे नुसतं वरून चिकटवलेलं आहे. सर, रिपोर्ट वाचायचा असतो. चालवायचा नसतो. जो रिपोर्ट चालवावा लागतो तो रिपोर्ट नाही.”

“पण पत्ता त्यांचाच आहे. ये देखो.” डॉक्टरांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. “बरसों से यही आयडी है. आणि खाली बघ, आपलाच जुना मेल आहे. छायानं सॅम्पल पाठवताना लिहिलेला. चोराला हे कसं कळणार?”

प्रश्न बरोबर होता. मेलचा पत्ता खरा होता, मीही अक्षर अन् अक्षर तपासला. खाली छायाचा जुना मेलही होता, त्यात देवानंदचं नाव होतं. मी तो पुन्हा वाचला. मग वरचा विषय वाचला.

“सर, देवानंदचा रिपोर्ट याआधी आला होता?”

“नाही. त्याचीच तर वाट बघतोय.”

“मग सुधारला कुठला?”

डॉक्टरांनी चष्मा काढला. पुन्हा लावला.

“जो रिपोर्ट आलाच नाही, त्याचा सुधारित रिपोर्ट कसा येईल?” मी म्हटलं. “हे माणसानं लिहिलेलं नाही. नागपूरच्या लॅबच्या मेलबॉक्समध्ये कुणीतरी शिरलंय. तिथे जेवढा जुना पत्रव्यवहार सापडला, त्या सगळ्यांना एकाच साच्यातलं उत्तर गेलं आहे. देवानंदचं रक्त काय म्हणतं, हे त्या चोराला माहीतही नाही.”

“म्हंजे चोर पोष्टमनचा ड्रेस घालून आला,” देवानंद म्हणाला.

“ड्रेसच नाही, सायकल आणि थैलीसुद्धा पोस्टमनचीच.”

“मंग पाठवनाऱ्याच्या फाटकावर काऊन नाई पकडला?” सुखदेव आतून ओरडला. मशीन खरंच चालू होतं, त्याला जागा सोडता येत नव्हती.

याचं उत्तर सगळ्यांनी समजून घेण्यासारखं आहे. मेल पोचवणाऱ्या कंपन्याही वाटेत मेल तपासतात. पण झिपच्या गाठोड्याला पासवर्डचं कुलूप असलं की आत काय आहे ते त्यांना दिसत नाही. चोर कुलूप लावतो ते तुमच्या सुरक्षेसाठी नव्हे, तपासणाऱ्याचे डोळे बांधण्यासाठी. आणि किल्ली त्याच मेलमध्ये लिहून पाठवतो. म्हणजे गाठोडं उघडतं फक्त तुमच्या टेबलावर, तुमच्याच हातानं. तिथे अँटिव्हायरस असला तर शेवटचा पहारा तो देतो. तो दोन प्रकारे बघतो. एक, ठाण्यात लावलेल्या गुन्हेगारांच्या फोटोंसारखी त्याच्याकडे ओळखीच्या व्हायरसची खूण असते. अपडेट म्हणजे त्या भिंतीवर नवे फोटो लावणं. दुसरं, फोटो नसला तरी तो चाल बघतो. कागद म्हणून आलेली फाइल उठून कॉम्प्युटरला हुकूम द्यायला लागली, बाहेर कुणाशी बोलायला लागली, तर तो तिचा हात धरतो. मास्तरनं ही फाइल दुसऱ्या प्रकारे पकडली होती. फोटो भिंतीवर नव्हता. चालीवरून ओळखलं.

मामाकडे ना भिंत होती, ना पहारेकरी.

“आता नागपूरला फोन,” मी म्हटलं. छाया मेलखालचा नंबर बघून फोन लावायला लागली.

“त्या नंबरवर नाही. मेलवर शंका असेल तर मेलमधल्या नंबरवर चौकशी करायची नसते.”

“मंग?”

“रक्ताचा डबा आहे ना तुमच्याकडे?”

नागपूरला रक्त जातं ते बर्फाच्या डब्यातून. मोटारसायकलवर कोहमाऱ्याच्या तिठ्यापर्यंत, तिथून हायवेच्या बसमध्ये ड्रायव्हरशेजारी. ड्रायव्हर ओळखीचा असतो, चहाचे पैसे घेतो आणि डबा जिवासारखा सांभाळतो. डब्यावर नागपूरच्या लॅबनं स्वतः नंबर रंगवून दिलेला आहे. तो छायानं लावला आणि स्पीकर सुरू केला.

पलीकडची मुलगी आमचं वाक्य पूर्ण होण्याआधीच म्हणाली, “मॅडम, तो मेल उघडू नका. सकाळपासून हेच सांगते आहे. आमचा मेल कुणीतरी वापरतंय.”

“सांगते आहे म्हणजे? आम्ही फोन केला म्हणून सांगितलंत,” मी म्हटलं. “तुम्ही स्वतःहून किती जणांना कळवलं?”

“सर म्हणाले, आत्ता गाजावाजा नको. लॅबचं नाव खराब होईल.”

मी काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. माझे वडील विडी कामगारांमध्ये पत्रकं वाटत. त्या पत्रकांच्या घड्या घालत घालत मी वाचायला शिकले. घरात एकच शिकवण होती, जे सगळ्यांना कळायला हवं ते एकट्यानं दाबून ठेवणं ही चोराला केलेली मदत असते. चोरी झाल्याची लाज चोरी झालेल्याला कशाला? लाज वाटायची तर गप्प बसण्याची वाटावी. त्या मुलीचा दोष नव्हता. म्हणून मी म्हटलं, “तुमच्या सरांना द्या फोन.”

तेवढ्यात डॉक्टर रहांगडालेंनी माझ्या हातातून फोन घेतला. स्पीकर बंद केला. नागपूरचे डॉक्टर त्यांचे कॉलेजचे दोस्त.

“अरे, पेपर में मत छाप, पण मला तर सांगशील?” ते म्हणाले. “माझी पोरगी, माझी ऑपरेटर, हुशार निघाली म्हणून वाचलो. मेरा पूरा लॅब बैठ जाता आज. नाम खराब? नाम तो तब खराब होगा, जब दस लॅब बंद पडेंगी और सबको पता चलेगा कि तुझे मालूम था. आत्ताच्या आत्ता सगळ्यांना फोन लाव. हो, एकेकाला. माणसं बसव.”

मी पाच मिनिटं ओरडूनही सांगू शकले नसते इतकी चांगली ही गोष्ट त्यांनी सांगितली. ‘माझी ऑपरेटर’ ऐकून छायानं माझ्याकडे बघितलं. मी स्क्रीनकडे बघितलं.

मग डॉक्टरांचा आवाज खाली आला. “बरं, देवानंदचं बघ. हो, तोच. तयार आहे? वाच.”

ते ऐकत राहिले. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. प्रमिलानं बॅगेचा पट्टा मनगटाभोवती गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. सुखदेव मशीन सोडून दारात आला होता. सॅम्पलचं काय झालं ते त्यानं नंतर कुणाला सांगितलं नाही.

“परत वाच,” डॉक्टर म्हणाले. पुन्हा ऐकलं. “ठीक. सही करून आजच्या बसला दे. डब्याच्या ड्रायव्हरकडे.”

त्यांनी फोन ठेवला आणि देवानंदकडे न बघता प्रमिलाकडे बघितलं.

“बेटा, ह्याचं रक्त नॉर्मल आहे. सिकलसेलचा वाटा नाही ह्याच्यात. तुमच्या बाळाला हा आजार होणार नाही. फार तर तुझ्यासारखं वाहक असेल, आणि तू बघ, कशी ठणठणीत आहेस.”

प्रमिलानं काउंटरला हात टेकला. मग म्हणाली, “पुन्यांदा सांगा जी.”

डॉक्टरांनी पुन्हा सांगितलं. त्याच शब्दांत, न चिडता, मराठीत.

“हाव,” ती म्हणाली आणि बाकावर बसली. पदरानं तोंड पुसलं. छायानं पाण्याचा ग्लास दिला.

देवानंद खाकरला. “साहेब, पन कागद? घरी फोनवरचं कोनी मानत नाई. मायले कागद पायजे.”

“बस संध्याकाळच्या आत कोहमाऱ्याला येते. तुझ्या वाटेवरच आहे. ड्रायव्हरला माझं नाव सांग आणि पाकीट घे.”

“मंग हिले आज माहेरी सोडतो, उद्या कागद दाखवून...”

“तुमी कागद आना,” प्रमिला म्हणाली. ती उठली होती आणि बॅग तिच्या खांद्यावर होती. “मी आपल्या घरी चालली. तुमच्या मायले मी सांगीन, कागद मागून येऊन राहिला.”

देवानंदनं एकदा डॉक्टरांकडे, एकदा माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. माझ्या खात्याचा प्रश्न नव्हता.

“चल तं,” तो म्हणाला. “दोघंच घेऊ पाकीट तिठ्यावर. अन् संगच जाऊ.” त्यानं तिच्या खांद्यावरची बॅग घ्यायला हात पुढे केला. तिनं ती दिली नाही. पण मोटारसायकलवर त्याच्या मागे बसली.

त्यांच्या गाडीचा आवाज बाजाराच्या गलक्यात मिसळला तेव्हा डॉक्टरांनी पहिल्यांदा खुर्चीत बसून पाठ टेकली. “चहा सांग छाया. सगळ्यांना.”

चहा आला, पण माझं काम संपलं नव्हतं.

“सर, आता बॉनेट उघडायचं?”

ते हसले. “उघड बाई. पण मशीन अटकलं तर?”

मी मशीनच्या कंपनीला फोन लावला. तीन ठिकाणी फिरवून शेवटी एक समजदार इंजिनीअर मिळाला. त्याचं उत्तर एका ओळीचं होतं. आमचं मशीन ज्या एका फोल्डरमध्ये आकडे लिहितं, तेवढा फोल्डर अँटिव्हायरसला तपासू देऊ नका, बाकी सगळा कॉम्प्युटर खुशाल तपासू द्या. बस्स. ‘एक खोली सोडा’ असं सांगायचं होतं, पहिला माणूस ‘घरालाच दार नको’ असं सांगून गेला. त्याला घाई असेल. त्याच्या घाईवर एवढी वर्षं इतक्या पेशंटचे आकडे उघड्यावर होते. अर्ध्या वाक्यात ज्ञान देणाऱ्यांचा मला फार राग येतो. न देणाऱ्यांपेक्षा जास्त.

दुपारी पेशंट ओसरल्यावर मी मामावर अँटिव्हायरस बसवला. तो एक फोल्डर सोडला. मग सुखदेवनं मशीनवर सॅम्पल लावून बघितलं. मशीन अटकलं नाही. हार्ड डिस्क मामापासून काढली आणि छायाला सांगितलं, कॉपी घेताना जोडायची, झाली की कपाटात.

“आता ते गाठोडं मामावर उघडून बघ,” डॉक्टर म्हणाले. “पकडतो का बघू.”

“औषध चालतं का ते बघायला कुणी विष पीत नाही, सर.”

त्यासाठी दुसरी सोय असते. अँटिव्हायरस जागा आहे का ते बघायला एक निरुपद्रवी फाइल जगभर वापरतात. तिच्यात काहीच नसतं, फक्त एक ठरलेली ओळ. पण ती दिसली की प्रत्येक अँटिव्हायरसनं ओरडायचं, असा संकेत आहे. मी ती मामावर ठेवली. ठेवते न ठेवते तोच लाल चौकट आली.

“बापा!” सुखदेव म्हणाला. “मामा बी मास्तर झाला. आता सिनेमा कुठं पाहाव?”

“घरी,” डॉक्टर म्हणाले.

पेनड्राइव्ह मी सोबत घेतला आणि घरी, बाकी कशालाही न जोडलेल्या एका जुन्या कॉम्प्युटरवर तो पुसून टाकला.

एक काम राहिलं होतं, ते मी निघण्याआधी केलं. अँटिव्हायरसची भाषा. ती लाल चौकट छायाला इंग्रजीत येत होती. छाया बारावी आहे, तिला इंग्रजी अक्षरं वाचता येतात, पण तांत्रिक इंग्रजी कुणाला कळतं? मला तरी कुठे पहिल्या दिवशी कळलं होतं? तिला एवढंच कळायचं, की मास्तर पुन्हा काहीतरी म्हणतोय. ज्याला उद्देशून इशारा आहे त्याला तो वाचता येत नसेल, तर तो इशारा नाही, सजावट आहे. त्या अँटिव्हायरसमध्ये हिंदीची सोय होती, मराठीची नव्हती. हिंदी लावली. मराठीसाठी कंपनीला लिहिलं. अजून उत्तर नाही. मी दर काही महिन्यांनी लिहिते.

नागपूरच्या लॅबनं सगळ्यांना फोन केले, हे नंतर कळलं. बहुतेक जण वाचले. एका ठिकाणी फोन पोचायच्या आधी गाठोडं सुटलं होतं. त्यांच्याकडेही कुठला तरी मामा असणार. त्यांचे सगळे आकडे गेले.

छायानं आणखी एक सांगितलं. देवानंद पुढच्या बाजाराला येऊन गेला. त्याच्या आईनं कागद हातात घेतला, शेजारच्या मुलाकडून वाचून घेतला आणि देवापाशी ठेवला. तोवर आत जाऊन प्रमिलानं रांधलेली भाजी चुलीवरून उतरलेली होती.

आता मास्तर किंवा मामा काही अडवतो तेव्हा छाया आधी मला फोन करते. मी बघते. बरेचदा काहीच नसतं.

“फुकट तरास दिला तुमाले, ताई.”

“काहीच नव्हतं, यापेक्षा चांगली बातमी आमच्या धंद्यात नाही.”

तेव्हापासून कुठल्याही नव्या ऑफिसात, मिलमध्ये, दवाखान्यात गेले की मी कॉम्प्युटर किती, नेट कुणाचं, हे नंतर विचारते. आधी विचारते, “तुमचा मामा कुठे आहे?” लोक गोंधळतात. मी समजावून सांगते. मग कुणीतरी हसतं आणि कोपऱ्यातल्या एका कॉम्प्युटरकडे बोट दाखवतं. अजून एकाही ठिकाणी तो नाही असं झालेलं नाही.